शर्यत नॅनोमीटरची, अडचण डायोडची

ऑक्टोबर २०२५ मध्ये जगभरच्या मोटार कंपन्यांची झोप एका अगदी किरकोळ वस्तूनं उडवली. करंगळीच्या नखावर असे आठ-दहा नग सहज मावतील. आत सिलिकॉनचा कण, वरून काळ्या प्लास्टिकचं कवच, बाजूला धातूचे दोन-तीन इवले पाय. वीज एका दिशेनं जाऊ द्यायची आणि उलट्या दिशेनं आली तर अडवायची, एवढंच तिचं काम. हा डायोड. एका नगाची किंमत काही सेंट. गाडीचे दिवे, काचा, एअरबॅग, ब्रेक यांच्या प्रत्येक सर्किटमध्ये तो किंवा त्याचा भाऊबंद असलेला साधा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो.

हे डायोड बनवणारी नेक्सपेरिया ही कंपनी वर्षाला १० हजार कोटींहून जास्त नग विकते. मुख्यालय नेदरलँड्समधल्या नायमेखनला, मालकी विंगटेक या चिनी कंपनीची. ३० सप्टेंबरला डच सरकारनं १९५२ सालचा, तोवर कधीच न वापरलेला एक कायदा बाहेर काढला आणि कंपनीचे महत्त्वाचे निर्णय रोखण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. तंत्रज्ञान बाहेर जाईल, ही धास्ती होती. चारच दिवसांनी चीननं कंपनीच्या चीनमध्ये तयार होणाऱ्या मालाच्या निर्यातीवर बंदी घातली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की या कंपनीचे वेफर (ज्यांवर एकदम असंख्य चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) हॅम्बुर्ग आणि मँचेस्टरला बनत असले तरी सुमारे ७० टक्के माल पुढे चीनमधल्या डोंगग्वानला जातो. तिथे वेफर कापले जातात, प्रत्येक तुकड्याला पाय लावले जातात, तपासणी होते आणि मग तो माल परत येतो. जर्मनीत बनलेली चिप जर्मनीतल्याच गाडीत बसायची तर तिला चीनचा फेरा चुकत नव्हता. महिना संपायच्या आत होंडानं मेक्सिकोतल्या सेलायाचा कारखाना थांबवला. १९ नोव्हेंबरला डच सरकारनं आपला आदेश स्थगित केला.

मला हा प्रसंग अपवाद वाटत नाही. या उद्योगाकडे बघण्याची सरकारांची नजरच कुठे चुकते, ते त्यात दिसतं. गेल्या पाच-सहा वर्षांत चिपसाठी सरकारी तिजोऱ्यांतून शेकडो अब्ज डॉलर बाहेर पडले किंवा कबूल झाले. त्यातला मोठा वाटा ३ आणि २ नॅनोमीटरच्या शर्यतीसाठी, जगातली सगळ्यात प्रगत चिप आपल्याच भूमीवर बनावी या हट्टासाठी आहे. पण प्रत्यक्षात कारखाने ज्या ज्या वेळी बंद पडले, त्या त्या वेळी तुटलेली कडी प्रगत चिपची नव्हती. ती स्वस्त, जुनी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली होती. सार्वजनिक पैसा भलत्याच भीतीच्या मागे धावतो आहे, असं माझं म्हणणं आहे.

ही भीती आली कुठून, हे समजायला या धंद्याचं गणित पाहावं लागतं. चिपचा पहिला वेफर प्रचंड महाग असतो, लाखावा त्या मानानं जवळजवळ फुकट. प्रगत फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, उभी करायला २० अब्ज डॉलरच्या आसपास खर्च येतो. एका वेफरवर हजाराहून जास्त प्रक्रिया होतात आणि तो आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत तीन महिन्यांच्या वर काळ जातो. यंत्रं पाच-सात वर्षांत शर्यतीतून मागे पडतात. फॅब रात्रंदिवस, जवळजवळ पूर्ण क्षमतेनं चालली तरच पैसे वसूल होतात. जो जास्त वेफर काढतो त्याला चुका लवकर कळतात, त्याचा खराब माल कमी होतो, त्याचा भाव उतरतो, त्याच्याकडे आणखी ऑर्डर येतात. दुसऱ्या क्रमांकावरच्याला टिकून राहणंही जड जातं. या शतकाच्या सुरुवातीला अव्वल दर्जाच्या चिप बनवणाऱ्या वीस-पंचवीस कंपन्या होत्या. २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजनं ७ नॅनोमीटरचा नाद सोडला आणि तैवानची टीएसएमसी, सॅमसंग, इंटेल हे तिघेच उरले.

(नॅनोमीटरबद्दल इथेच सांगून टाकतो. ३ नॅनोमीटरच्या चिपमध्ये ३ नॅनोमीटरचं असं काहीही नसतं. एके काळी ते मोजमाप होतं. आता ते पिढीचं नाव आहे, जाहिरातीच्या सोयीचं. मंत्र्यांच्या भाषणांत हा आकडा जितक्या वेळा येतो तितकं त्याचं वजन नाही.)

मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये तैवानात टीएसएमसी सुरू केली, ती याच गणितावर. स्वतःची एकही चिप आखायची नाही, दुसऱ्यांच्या चिप बनवून द्यायच्या. भांडवलाचा जवळजवळ निम्मा वाटा तैवान सरकारचा होता, मोठा हिस्सा फिलिप्सचा. यामुळे ज्यांच्याकडे कल्पना होती पण फॅब नव्हती त्यांना धंद्यात शिरता आलं. एआयच्या चिप आखणारी एनव्हिडिया आज जी काही आहे ती स्वतःची एकही फॅब न बांधता. आराखडा अमेरिकेत, त्यासाठीचं सॉफ्टवेअरही बहुतांशी अमेरिकी, फोटोरेझिस्ट (वेफरवर लावायचं प्रकाशसंवेदी रसायन) जपानी, मेमरी कोरियाची, छपाई तैवानची. ज्यानं त्यानं आपलं काम घासूनपुसून इतकं नेमकं केलं की त्या त्या कामात दुसरा कुणी उरलाच नाही.

याचा कळस म्हणजे एएसएमएल या डच कंपनीचं ईयूव्ही यंत्र, अतिनील प्रकाशानं वेफरवर चिपची नक्षी छापणारं. त्याच्या पोटात काय चालतं ते डोळ्यांसमोर आणून पाहा. निर्वात पोकळीतून वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५० हजार या वेगानं सुटत असतात, प्रत्येक थेंब मिलिमीटरच्या तीन शतांश भागाएवढा. उडत्या थेंबावर लेझरचा पहिला झटका बसतो आणि तो चपटा होतो. लगेच दुसरा, जोरकस झटका बसतो आणि त्याची वाफ होऊन सूर्याच्या पृष्ठभागाहून कितीतरी पट तापलेला प्लाझ्मा तयार होतो. त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवाही शोषून घेते आणि काचही, म्हणून भिंग चालत नाही, आरसे लागतात. ते आरसे जर्मनीत झाइस बनवते. एक आरसा जर्मनी देशाएवढा मोठा केला तर त्यावरचा सगळ्यात मोठा उंचवटा मिलिमीटरचा दहावा भाग भरेल, इतके ते गुळगुळीत. लेझर ट्रम्फ या दुसऱ्या जर्मन कंपनीचा, प्रकाशाचा उगम सॅन डिएगोत विकसित झालेला. यंत्राची किंमत १५ कोटी डॉलरच्या वर. ते बनवायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. आणि जगात ही यंत्रं बनवणारी कंपनी एकच आहे.

हे यंत्र पाहिलं की राज्यकर्त्यांना दोन गोष्टी सुचतात. एक, ते शत्रूला मिळू द्यायचं नाही. दुसरी, त्यातून निघणारी चिप आपल्याकडेच बनवायची. चीनला आजवर एकही ईयूव्ही यंत्र विकलं गेलेलं नाही. ७ ऑक्टोबर २०२२ च्या अमेरिकी नियमांनी प्रगत चिप, त्या बनवण्याची यंत्रं, इतकंच काय, तिथे काम करणारी अमेरिकी माणसंही अडवली. त्याच वर्षी अमेरिकेच्या चिप्स कायद्यानं कारखान्यांसाठी ३९ अब्ज डॉलर बाजूला काढले. युरोपनं ४३ अब्ज युरोंची भाषा केली आणि २०३० पर्यंत जागतिक उत्पादनात २० टक्के वाटा मिळवण्याचं लक्ष्य जाहीर केलं. चीननं २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रीय चिप निधीचा तिसरा टप्पा ३४४ अब्ज युआनचा केला. जपान, कोरिया, भारत, सगळेच रांगेत आहेत.

आता गेल्या काही वर्षांतल्या अडचणी आठवून पाहा. २०१९ मध्ये जपाननं कोरियाला जाणारी तीन रसायनं नियंत्रणाखाली आणली आणि सॅमसंग हादरली. २०२१ मध्ये मोटार कंपन्यांनी, एका सल्लागार संस्थेच्या अंदाजानुसार, २१० अब्ज डॉलरची विक्री गमावली. कमी पडल्या होत्या त्या दहा-पंधरा वर्षं जुन्या तंत्राच्या, एकेका डॉलरच्या कंट्रोलर चिप. त्याच वर्षी जपानमधल्या नाका इथे रेनेसास या चिप कंपनीच्या फॅबला आग लागली, मलेशियात कोविडमुळे पॅकेजिंगचे, म्हणजे वेफर कापून चिपला कवच आणि पाय लावण्याचे, कारखाने बंद झाले आणि गाड्यांचा तुटवडा लांबला. २०२२ मध्ये मारियुपोल आणि ओडेसातलं निऑन वायूचं शुद्धीकरण थांबलं. चिपच्या छपाईतल्या लेझरला लागणाऱ्या शुद्ध निऑनचा निम्म्याच्या आसपास वाटा तिथून येत होता. २०२३ मध्ये चीननं गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लावला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रूस पाइन या लहानशा गावात चक्रीवादळाचं पाणी शिरलं आणि सिलिकॉन वितळवण्याच्या मुशींसाठी लागणारा अतिशुद्ध क्वार्ट्झ अडकतो की काय, म्हणून जगाचा जीव टांगणीला लागला. आणि २०२५ मध्ये नेक्सपेरियाचा डायोड.

यातल्या एकाही प्रसंगी जगात २ नॅनोमीटरची आणखी एक फॅब असती म्हणून काही वाचलं नसतं.

पैसा या स्वस्त, जुन्या कड्यांकडे का जात नाही, याचं उत्तर पुन्हा गणितातच आहे. टीएसएमसीचा ढोबळ नफा २०२४ मध्ये ५६ टक्के होता. डायोडवाल्याच्या नफ्याची धार पातळ. त्याची फॅब जुनी असते, यंत्रांचा खर्च कधीच वसूल झालेला असतो, म्हणूनच तो काही सेंटांत माल देऊ शकतो. नवी फॅब बांधून तोच डायोड बनवायचा तर तो परवडणार नाही, त्यामुळे खासगी भांडवल तिकडे वळत नाही. सरकारनं खरं तर अशाच जागी उतरायला हवं. पण जुन्या तंत्राच्या कारखान्याची फीत कापताना छायाचित्र चांगलं येत नाही. अमेरिकेच्या त्या ३९ अब्जांपैकी जुन्या पिढीच्या चिपसाठी कायद्यानं राखून ठेवले होते फक्त २ अब्ज. दरम्यान चीननं नेमक्या याच थरात एकामागून एक फॅब उभ्या केल्या, कारण प्रगत यंत्रं त्याला मिळत नव्हती. निर्बंधांनी प्रगत चिपचा दरवाजा लावला आणि चिनी पैसा ओघानंच तिकडे गेला जिथे बाकीच्यांची पाठ होती. पुढच्या दहा वर्षांत डायोड, पॉवर ट्रान्झिस्टर आणि कंट्रोलर यांसाठी सगळ्यांना एकाच दारात उभं राहावं लागलं, तर ती परिस्थिती आपल्या हातानंच ओढवून घेतलेली असेल.

दुसऱ्याची नाडी हातात धरून त्याला वाकवायचं, या डावपेचाबद्दलही सावध असायला हवं. २०१९ च्या जपान-कोरिया प्रकरणात कोरियानं काय केलं? देशातल्या कंपन्यांना पैसा दिला, त्या तिनांपैकी हायड्रोजन फ्लोराइड घरी बनवायला घेतलं, दुसरे पुरवठादार शोधले. २०२३ मध्ये जपाननं निर्बंध उठवले तेव्हा जपानी रसायन कंपन्यांचा काही धंदा कायमचा गेलेला होता. चीनच्या बाबतीत तेच मोठ्या प्रमाणावर घडतं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्वावेनं मेट ६० प्रो बाजारात आणला, त्यात चीनमध्येच बनलेली ७ नॅनोमीटरची चिप निघाली. ईयूव्हीशिवाय, जुन्या यंत्रांवर पुन्हा पुन्हा छपाई करून, महागात पडली तरी बनवली. निर्बंधांनी चीनला काही वर्षं मागे ठेवलं हे खरं आहे, आणि लष्करी वापराची काळजीही मी खोटी मानत नाही. पण अशी नाडी फार वेळा दाबता येत नाही. प्रत्येक दाबाबरोबर समोरचा तिच्याविना जगायला शिकतो. म्हणून ती मोजक्या कारणांसाठी, मित्रदेशांशी आधी बोलून आणि नियम लिहून वापरावी. ऑगस्ट २०२५ मध्ये एनव्हिडिया आणि एएमडी यांनी चीनमधल्या काही चिपच्या विक्रीतला १५ टक्के वाटा अमेरिकी सरकारला द्यायचं कबूल केलं. जी वस्तू कालपर्यंत राष्ट्रीय सुरक्षेला धोका होती ती आज वाटा दिला की चालते, असं दिसलं तर उद्या डच किंवा जपानी सरकारनं त्या सुरक्षेपायी आपल्या कंपन्यांचं नुकसान का सोसावं?

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. तैवान. जगातल्या सर्वांत प्रगत चिपपैकी ९० टक्क्यांच्या आसपास एका बेटावर बनतात. ते बेट भूकंपप्रवण पट्ट्यात आहे, जवळजवळ सगळं इंधन बाहेरून आणतं आणि चीन त्यावर हक्क सांगतो. तिथे काही झालं तर डायोडचा साठा काय कामाचा?

आक्षेपात तथ्य आहे. प्रगत चिपची क्षमता एकाहून जास्त ठिकाणी असावी, याला माझा विरोध नाही. टीएसएमसीची अॅरिझोनातली गुंतवणूक २०२० मध्ये १२ अब्ज डॉलर जाहीर झाली होती, ती मार्च २०२५ मध्ये १६५ अब्जांवर गेली. तिथून चांगले वेफर निघतही आहेत. पण ते वेफर बाहेर पडले तेव्हा प्रगत पॅकेजिंगसाठी तैवानलाच परत जात होते, कारण अमेरिकेत ती सोय उभीच राहिलेली नव्हती. जगातल्या पॅकेजिंगचा जेमतेम ३ टक्के वाटा अमेरिकेत आहे. म्हणजे इतका खर्च करूनही नेक्सपेरियाचीच गोष्ट, फक्त दुसऱ्या टोकाला. फॅब बांधली, साखळी बांधली नाही.

आणि तैवानबद्दल बोलताना आपण सगळे ज्या थंडपणे बोलतो तो मला खटकतो. तिथे २ कोटी ३० लाख माणसं राहतात. २०२१ मध्ये त्या बेटावर ५६ वर्षांतला सर्वांत मोठा दुष्काळ पडला. तेव्हा सरकारनं हजारो हेक्टर भातशेतीचं पाणी तोडलं, शेतकऱ्यांना पीक न घेण्याची भरपाई दिली आणि फॅब चालू ठेवल्या. एकेका फॅबला रोज हजारो टन पाणी लागतं. भरपाई मिळाली तरी शेत पडीक राहिलं ते राहिलंच. कोरियात सॅमसंगच्या फॅबमध्ये काम करून रक्ताच्या कर्करोगानं गेलेल्या तरुण मुलींच्या घरच्यांना कंपनीची माफी मिळायला २०१८ साल उजाडलं, लढा दहा वर्षांहून जास्त चालला होता. चिपच्या राजकारणाचा हिशेब मांडताना हे खर्च कुठल्याच रकान्यात दिसत नाहीत. अनुदान देणाऱ्या सरकारनं पाणी, रसायनं आणि कामगारांचं आरोग्य यांच्या अटी करारातच घातल्या पाहिजेत. नंतर मागायला गेलं तर कुणी दाद देत नाही.

मग पैसा जावा कुठे? माग्देबुर्ग आणि ड्रेस्डेन ही जर्मनीतली दोन गावं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. माग्देबुर्गला इंटेलची प्रगत फॅब यायची होती. जर्मन सरकार त्यासाठी जवळजवळ १० अब्ज युरो द्यायला तयार झालं होतं. २०२२ मध्ये गाजावाजा झाला, २०२४ मध्ये काम पुढे ढकललं, जुलै २०२५ मध्ये इंटेलनं प्रकल्पच रद्द केला. ड्रेस्डेनला टीएसएमसीनं बॉश, इन्फिनिऑन आणि एनएक्सपी यांना भागीदार करून १२ ते २८ नॅनोमीटरची फॅब घेतली. मदत निम्मी, ५ अब्ज युरो. पण माल घेणारे पहिल्या दिवसापासून भागीदार आणि चिप त्यांच्या गाड्यांना लागते तीच. बांधकाम चालू आहे. भारतानं धोलेऱ्याला २८ ते ११० नॅनोमीटरची फॅब आणि आसामात पॅकेजिंगचा कारखाना निवडला, तेव्हा जुनं तंत्र म्हणून नाकं मुरडली गेली. मला ती निवड शहाणपणाची वाटते. तिची परीक्षा गिऱ्हाईक टिकतं का आणि खराब माल किती निघतो, यावर होईल.

आणि साठा. डायोड खराब होणारी वस्तू नाही, ओलावा न शिरणाऱ्या पाकिटात ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. गाडीत बसणारा प्रत्येक भाग बदलायचा तर महिनोन्महिने चाचण्या कराव्या लागतात, म्हणून ऐन वेळी दुसऱ्याचा डायोड उचलून लावता येत नाही. तेव्हा दोन पुरवठादार आधीच तपासून ठेवणं आणि काही महिन्यांचा माल कपाटात असणं, यावर होणारा खर्च एका बंद पडलेल्या आठवड्याच्या तोट्यापुढे काहीच नाही. तरीही तो करायला कुणी पुढे येत नाही, कारण प्रतिस्पर्धी करत नसेल तर आपला ताळेबंद वाईट दिसतो. सरकारनं इथे करसवलत द्यावी, नियम करावा, हवं तर दोन्ही करावं. एका प्रगत फॅबच्या अनुदानात हे काम कितीतरी वर्षं चालेल.

हे कागदावरचं बोलणं नाही. लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल आणायचा, ही पद्धत जगाला शिकवली टोयोटानं. २०११ च्या भूकंपात तिचे पुरवठादार कोलमडले तेव्हा कंपनीनं एकेका भागाचा माग काढत पुरवठादारांच्या पुरवठादारांपर्यंत नोंद केली. चिप देणाऱ्यांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं आणि दरवर्षी त्यांच्याकडून भाव उतरवून घेते त्यातला काही भाग या साठ्याच्या खर्चासाठी परतही दिला. २०२१ च्या सुरुवातीला बाकीच्या कंपन्यांच्या असेंब्ली लाइन थांबत होत्या तेव्हा टोयोटाचं काम चालू होतं. त्या सप्टेंबरात तिलाही उत्पादन ४० टक्क्यांनी कापावं लागलं. आग्नेय आशियातले कारखाने कोविडमुळे बंद पडले होते आणि साठा तोवर पुरला होता तेवढाच पुरला.